लिंबूटिंबू की गडी? ‘ईव्ह ऑनलाइन’मधल्या नवख्याचं प्रकरण

अंतराळातल्या एका दगडपट्ट्यात नवा खेळाडू आपलं छोटं यान घेऊन खनिज काढत बसलाय. यानाच्या पोटात जागा थोडी. म्हणून तो काढलेलं खनिज एका डब्यात टाकतो आणि डबा बाहेर तरंगत ठेवतो. भरला की मोठं यान आणून घरी न्यायचा, असा त्याचा बेत आहे. एवढ्यात एक अनोळखी यान येतं, डब्यातलं सगळं खनिज उचलतं, शेजारी स्वतःचा डबा सोडून त्यात ते ठेवतं आणि तिथेच थांबतं. पळून जात नाही. नवख्याला वाटतं, माल तर माझाच आहे. तो त्या दुसऱ्या डब्यातून आपलं खनिज परत घेतो. खेळाच्या नियमांप्रमाणे त्या क्षणी चोर तोच ठरतो. थांबलेलं यान गोळीबार सुरू करतं आणि काही सेकंदांत नवख्याच्या यानाच्या ठिकऱ्या उडतात. पोलिस फिरकत नाहीत, कारण डब्याच्या मालकाला आता मारायचा हक्क मिळालेला असतो.

नवखा त्या भागातल्या गप्पांच्या खिडकीत लिहितो : त्याने माझा माल घेतला, मी परत घेतला, मग मीच कसा मेलो?

‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात २०१२ सालच्या डिसेंबरमध्ये गुन्ह्यांचे नियम बदलेपर्यंत हा डाव रोज कुठे ना कुठे लागत असे, आणि हा प्रश्नही रोज विचारला जात असे. प्रश्न अगदी प्राथमिक आहे. त्याला कोण, काय आणि कशासाठी उत्तर देतं, त्यातून तो समूह कसा घडतो, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मी निवडलं. नवख्यांना सर्वांत निर्दयपणे वागवणारा खेळ म्हणून ‘ईव्ह’चं नाव घेतलं जातं. आणि नवख्यांना शिकवणाऱ्या सर्वांत टिकाऊ संस्थाही याच खेळात उभ्या राहिल्या. या दोन्ही गोष्टी एकाच जागी कशा, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं.

सुटलं ते आपल्या गल्लीतल्या खेळांवरून. डबा ऐसपैस किंवा लगोरी खेळताना एखादं धाकटं भावंड मागे लागतं, “मला पण घ्या.” मोठी मुलं त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. म्हणजे तो पळेल, ओरडेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, आणि तो बाद झाला तरी बाद धरणार नाहीत. यात माया आहे, कुणाला रडवत घरी पाठवायचं नाही ही समज आहे. पण लिंबूटिंबूला चार दिवसांत कळतं की आपण खेळात आहोत आणि नाहीही. त्याला आता राज्य हवं असतं. त्याला गडी व्हायचं असतं. नवख्यांशी कसं वागावं याची चर्चा बहुतेक वेळा सौजन्य आणि उद्धटपणा यांच्यातच अडकते. या प्रकरणातून मला दिसलं ते असं, की प्राथमिक प्रश्नाला नीट उत्तर तिथे मिळतं जिथे विचारणाऱ्याकडे उद्याचा गडी म्हणून पाहिलं जातं. नुसता लिंबूटिंबू म्हणून सांभाळला, तर उत्तर गोड मिळतं आणि माणूस तरीही निघून जातो.

खेळाची घडण

‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ सालच्या मे महिन्यात सुरू झाला. बनवणारी कंपनी सीसीपी गेम्स, आइसलंडमधल्या रेकयाविकची. चीनसाठीची वेगळी व्यवस्था सोडली तर जगभरचे खेळाडू ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात असतात. हा सर्व्हर रोज अकरा वाजता, जागतिक वेळेनुसार, थोडा वेळ बंद होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. युरोपातली मंडळी संध्याकाळी खेळायला बसतात तेव्हा पुण्या-मुंबईचा खेळाडू मध्यरात्र उलटवून डोळे चोळत असतो, आणि प्रश्न विचारायचा तो इंग्रजीत, व्याकरणाच्या धास्तीसकट. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘साधा प्रश्न’ विचारणं प्रत्येकाला सारखं साधं नसतं. आपल्याकडचा मुलगा आधी दहा वेळा वाक्य जुळवतो आणि मग एंटर दाबतो. त्यावर नुसतं हसणं आलं, तर तो दुसरा प्रश्न विचारत नाही.

या विश्वात गमावलेलं यान परत येत नाही. फसवणुकीला, दगाबाजीला, हेरगिरीला खेळात मुभा आहे. तुमचे पैसे दुप्पट करून देतो असं सांगून गिळंकृत करणारे जिता या बाजारपेठेत सदैव बसलेले असतात आणि कंपनी त्यांना हात लावत नाही. त्यात कौशल्यं प्रत्यक्ष वेळेनुसार वाढतात. तुम्ही झोपलेले असा वा कामावर, घड्याळ चालू राहतं. त्यामुळे २०१६ साली कौशल्यगुण विकत घेण्याची सोय होईपर्यंत, २००३ साली आलेल्या माणसाची शिदोरी नव्याने येणाऱ्यापेक्षा कायमची मोठी असे. खेळाडूंमध्ये एक जुनं व्यंगचित्र फिरतं : इतर खेळांच्या शिकण्याच्या वाटा हळूहळू चढत जाणाऱ्या रेषा, आणि ‘ईव्ह’ची रेषा म्हणजे पुढे झुकलेला कडा, त्याच्या पायथ्याशी आणि कडेला लटकलेले मृतदेह. जुने खेळाडू हे चित्र अभिमानाने दाखवतात. तो अभिमान या प्रकरणात पुन्हा भेटणार आहे.

डब्याच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं

वरच्या प्रश्नाला ठरलेली उत्तरं असत. एक म्हणजे नुसतं हसणं. दुसरं, ‘मन घट्ट कर’ या अर्थाचं, शिवीसकट, चार अक्षरांत आखडलेलं वाक्य. हे वाक्य या खेळाची ओळखच होऊन बसलं होतं. नवखा वैतागून “मी सोडतोय हा खेळ” म्हणाला, की तिसरं उत्तर यायचं : “मग तुझं सामान मला देशील का?” हे तर इतकं रूढ की म्हणणाऱ्याला त्यात काही क्रूर आहे असं वाटतही नाही.

मारणाऱ्यांमध्येच आणखी एक प्रकारचे लोक होते, आजही आहेत. यान फोडल्यावर ते स्वतःहून खाजगी संभाषण उघडतात. “मी का मारू शकलो ते सांगतो. दुसऱ्याच्या डब्याला हात लावलास की तू माझा गुन्हेगार. पुढच्या वेळी डबा उचलला गेला तर हात आखडता घे आणि निघ. हे घे, नवं यान घेण्यापुरते पैसे.” फोडलेल्या यानाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पाठवणारेही असतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. मला ते फार अर्थपूर्ण वाटतं. तो मारणारा नवख्याला सांगतोय की तू मेलास कारण तू खेळात आहेस, आणि पुढच्या वेळी मला तू अवघड जावास अशी माझी इच्छा आहे. लिंबूटिंबूला असं कुणी म्हणत नाही.

उद्धट उत्तर देणारे सगळे दुष्ट असतात असं मानून चाललं तर प्रकरण समजणार नाही. एकच प्रश्न शंभराव्यांदा आला की शिक्षकाचाही आवाज चढतो, हे एक. त्याहून खोल कारण अभिमानाचं. मीही कडा असाच चढलो, मला कुणी दोर टाकला नाही, मग याला का टाकावा? सासूने सोसलेलं सुनेकडून वसूल करायची ही रीत आपल्याला नवी नाही. मी स्वतः कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायला बसलो, आणि बंदूक विकत कुठून घ्यायची एवढंच शेजारच्या मुलाला विचारलं. तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, “बघ आणि शिक.” मी तीन दिवस पिस्तूल घेऊनच खेळलो. चौथ्या दिवशी मला कळलं, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या एका मुलाला मी तेच वाक्य ऐकवलं. तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

‘ईव्ह’मध्ये याच्या जोडीला एक कारण असं आहे जे इतर खेळांत सहसा नसतं, ते म्हणजे संशय. २००५ साली गाइडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीने खेळातल्या एका मोठ्या कंपनीत (खेळाडूंनी मिळून काढलेल्या गटाला इथे कंपनी म्हणतात, आणि अशा कंपन्यांच्या जुटीला युती) आपली माणसं महिनोन् महिने पेरली, विश्वास संपादन केला आणि एका रात्रीत तिची प्रमुख मारून गोदामं रिकामी केली. २००९ साली बँड ऑफ ब्रदर्स या बलाढ्य युतीच्या एका संचालकाने पक्ष बदलला आणि नुसत्या अधिकाराच्या बटणाने ती युतीच विसर्जित झाली. अशा जगात नवा माणूस येऊन निरागसपणे विचारतो, “तुम्ही यानं कुठे ठेवता?” किंवा “आज रात्री सगळे कुठे जाणार आहात?” हाच प्रश्न हेरही विचारतो. त्यातून २०१४-१५ च्या सुमारापर्यंत कंपनीतला माणूस आपल्याच सहकाऱ्यावर गोळ्या झाडू शकत असे आणि पोलिस त्यात पडत नसत. मग कंपन्यांनी नवख्यांना घेणंच टाळलं, किंवा घेण्याआधी नोकरीच्या मुलाखतीसारख्या चौकश्या लावल्या. पुढे सीसीपीने आपसातला गोळीबार बंद ठेवण्याची सोय कंपन्यांना दिली, ती नवख्यांसाठी दारं उघडावीत म्हणूनच. लोकांच्या वागण्याबद्दल उपदेश करत बसण्याऐवजी त्या वागण्यामागचं भय कमी करणं, हा मला या प्रकरणातला एक शहाणा निर्णय वाटतो.

सीसीपीने केलेली लिंबूटिंबूची सोय

सीसीपीने नवख्यांसाठी काही केलंच नाही असं नव्हे. नवा खेळाडू आपोआप मदतीच्या एका वाहिनीत दाखल होतो. तिथे सीसीपीने निवडलेले स्वयंसेवक खेळाडू लक्ष ठेवून असतात, उत्तरं देतात, खोटी उत्तरं देणाऱ्यांना बाहेर काढतात. सुरुवातीच्या ठरावीक सूर्यमालांमध्ये नवख्यांना डब्याच्या किंवा तसल्या सापळ्यात ओढायला मनाई आहे. इतरत्र सगळं चालतं, तिथे चालत नाही. मोडणाऱ्यावर कारवाई होते.

ही सोय हवीच. पण ती लिंबूटिंबूची सोय आहे. मदतवाहिनीत “यानाचा वेग कसा वाढवू” याला छान उत्तर मिळतं. “मी इथे करू काय, कुणाबरोबर करू” याला तिथे कोण उत्तर देणार? संरक्षित सूर्यमालेतून नवखा एक दिवस बाहेर पडतो, आणि बाहेर त्याची कुणाला गरज आहे का, हा प्रश्न तसाच उरतो.

शाळा

खेळ सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, २००४ सालच्या मार्चमध्ये, खेळाडूंनीच ईव्ह युनिव्हर्सिटी काढली. सीसीपीचा तिच्याशी संबंध नाही. नावाप्रमाणे काम : नवख्यांना घ्यायचं, शिकवायचं, आणि तयार झाले की जिथे जायचं तिथे जाऊ द्यायचं. युद्धांत ती शक्यतो तटस्थ राहते. आवाजी वाहिनीवर तास होतात, कित्येक तास बाहेरच्यांनाही खुले. स्वस्त यानं आणि कौशल्यांच्या पुस्तकांचे पैसे मिळायची सोय. आणि प्रश्नांसाठी वेगळी खिडकी, जिथे गप्पा मारायच्या नाहीत, फक्त प्रश्न आणि उत्तरं. ही शेवटची गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण विचारणाऱ्याला संकोच सर्वांत जास्त वाटतो तो रंगलेल्या गप्पा तोडण्याचा. जिथे सगळे विचारायलाच आलेत, तिथे तोंड उघडायला जड जात नाही.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. या खेळात यान फुटलं की त्याची आपोआप नोंद बनते. कुणी मारलं, कोणत्या शस्त्राने किती इजा झाली, फुटलेल्या यानात काय काय बसवलेलं होतं, सगळं त्यात असतं. नवख्यांच्या नोंदीत एक चूक हमखास दिसते : यानाला ढाल वाढवणारी यंत्रंही बसवलेली असतात आणि चिलखत वाढवणारीही. दोन्ही असलेली बरी, असं कुणालाही वाटेल. खरं तर दोन्हींवर अर्धी-अर्धी जागा खर्च होते आणि दोन्ही पोचट राहतात. हीच नोंद एखाद्या चेष्टेखोर वाहिनीत टाकली की तासभर करमणूक होते. शाळेत तीच नोंद फळा होते. जुना विद्यार्थी ती उघडतो आणि एकेका खणावर बोट ठेवल्यासारखं बोलत जातो : “हे चिलखताचं काढ. त्या जागी इंजिनाला जोर देणारं बसव. ही तोफ लांब पल्ल्याची आहे आणि तू गेलास जवळ. आता सांग, पहिला फटका बसला तेव्हा तुझ्या समोर काय दिसत होतं?” शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो नवख्याला आठवायला लावतो. चूक तीच आणि कागदही तोच. फरक आहे तो नोंद उघडणाऱ्याच्या मनात हा माणूस उद्या आपल्या शेजारी उडणार आहे की नाही, एवढाच.

शाळेने लिहून ठेवलेला ज्ञानकोश पुढे अख्ख्या खेळाचा आधार झाला. सीसीपीचा स्वतःचा कोश २०१६ साली बंद पडल्यावर तर सगळेच तिकडे बोट दाखवू लागले. इथे एक धोकाही जन्मला. कोश आहे म्हटल्यावर “वाच की तिकडे” हे उत्तर सोपं झालं. नुसता दुवा फेकणं आणि “या पानावर मधल्या तक्त्यापासून वाच, अडलं तर इथेच विचार” असं सांगणं, यांत टंकायला दहा सेकंदांचा फरक आहे. पहिल्यात दार लावल्याचा आवाज येतो. उत्तर देणाऱ्याला तो ऐकू येत नाही, विचारणाऱ्याला मात्र नक्की येतो.

शाळेला शत्रू नव्हते असं नाही. नवखे म्हणजे सोपी शिकार, म्हणून तिच्यावर सतत युद्धं पुकारली जात. युद्धकाळात कसं वागायचं याची सविस्तर नियमावलीच तिला करावी लागली.

गरज

शाळा सद्भावनेवर चालली. नवख्याची खरी किंमत मात्र वाढवली ती एका उपद्रवी टोळीने. समथिंग ऑफुल या संकेतस्थळावरचे लोक साधारण २००५-०६ पासून झुंडीने या खेळात आले आणि गूनस्वॉर्म नावाने उभे राहिले. सगळेच नवखे. वर्षानुवर्षं कौशल्यं साठवलेल्या जुन्या युत्यांपुढे एकेकटा गून म्हणजे काहीच नाही.

त्यांनी एक साधा हिशेब पकडला. मोठ्या यानाला पळून जाता येऊ नये यासाठी त्याला धरून ठेवणारं एक छोटं यंत्र लागतं. ते चालवायला फार शिकावं लागत नाही. रिफ्टर हे सर्वांत स्वस्त यानांपैकी एक, त्यावर ते यंत्र बसवा. नवखा जाऊन राक्षसी यानाला चिकटतो, ते निसटू शकत नाही, मागून बाकीचे येतात. रिफ्टर फुटतो, नवा घ्यायचा, पुन्हा यायचं. म्हणजे आठवड्याभरापूर्वी आलेला माणूस, त्याच्या शेकडोपट किमतीच्या यानाला अडकवून ठेवतो. लढाईच्या मोजदादीत तो धरला जातो. तो बाद झाला तर बाद, आणि राज्य आलं तर राज्य.

एकदा हे झालं की प्रश्नाची गोष्टच बदलते. “हे यंत्र किती अंतरावरून चालतं?” असं नवख्याने विचारलं आणि कुणी त्याला हिडीसफिडीस करून गप्प केलं, तर आज रात्री समोरचं यान निसटणार असतं. उत्तर देणं ही मेहरबानी उरत नाही. मला वाटतं, या खेळात नवख्याच्या वाट्याला आलेला आदर मोठ्या प्रमाणात इथून आला आहे. चांगुलपणातून आलेला आदर मला जास्त आवडला असता हे खरं. पण गरजेतून आलेला आदर जास्त दिवस टिकतो.

याच गूनांनी आमच्यात घेतो सांगून नवख्यांकडून प्रवेशफीचे पैसे उकळले आणि मग घेतलं नाही, अशी लबाडीही भरपूर केली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं.

बाकीच्यांनी धडा घेतला. २०१३ साली ब्रेव्ह न्यूबीज नावाची कंपनी निघाली, जिची पाटीच नवख्यांची : हरू, फुटू, पण मजा करू. २०१५ च्या सुमारास गूनस्वॉर्मने कर्माफ्लीट काढली, आणि पँडेमिक लीजन या अत्यंत निवडक, दर्पयुक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाने पँडेमिक होर्ड काढली, जिथे पहिल्या दिवसापासून कुणीही यावं. ज्यांनी वर्षानुवर्षं नवख्यांना दारात उभं केलं नव्हतं त्यांनीच अंगण सारवलं. याच काळात खेळातला शब्दही बदलत गेला. ‘नूब’ ही शिवी. तिच्या जागी ‘न्यूब्रो’, म्हणजे नवा भाऊ, हा शब्द रुळला. आपल्याकडच्या मोबाइल खेळांच्या आवाजी वाहिन्यांवर “नूब आहे रे तो” अजून सर्रास ऐकू येतं, त्याला पर्याय म्हणून तसा प्रेमाचा शब्द आपण अजून घडवलेला नाही.

आकडे काय म्हणतात

२०१५ साली रेकयाविकच्या वार्षिक मेळाव्यात सीसीपीच्या एका डिझायनरने ८०,००० नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांचा अभ्यास मांडला. नियम मोडून ज्यांना मारलं गेलं असे १ टक्का निघाले. नियमांत बसवून मारलेले १३.५ टक्के. उरलेल्या ८५.५ टक्क्यांना कुणी मारलंच नव्हतं. आणि पुढे जास्त टिकले ते मारले गेलेले.

यावरून बऱ्याच जणांनी सोयीचा निष्कर्ष काढला : मारा, म्हणजे टिकतील. हा निष्कर्ष मला मान्य नाही. जो जास्त वेळ खेळतो, जास्त फिरतो, त्याला मारलं जाण्याची शक्यताही जास्त, आणि तो टिकण्याची शक्यताही जास्त. मरण हे त्याच्या टिकण्याचं कारण आहे असं या आकड्यांवरून ठरत नाही. पण त्यातली ८५.५ ही संख्या मात्र मनात घर करून राहते. एवढे लोक आले, आणि पंधरा दिवसांत कुणी त्यांच्यावर गोळीसुद्धा झाडली नाही. एकट्याने दगड फोडले आणि त्यातले पुष्कळ निघून गेले. नवखा क्रूरतेने पळतो असं आपण धरून चालतो. इथे तो ओसाडपणाने पळालेला दिसतो. ज्याने डब्यावरून मार खाल्ला त्याच्याकडे निदान विचारण्यासारखा एक प्रश्न तरी होता.

तीन वर्षांनी दुसरी बाजू समोर आली. खेळाडूंनी निवडून दिलेल्या सल्लागार मंडळापुढे २०१८ साली सीसीपीने आकडे ठेवले. एखाद्या छोट्या कंपनीवर युद्ध पुकारलं की तिच्या सदस्यांचा वावर झपाट्याने घटतो, आणि युद्ध संपलं तरी तो पूर्ववत होत नाही. कारण स्पष्ट आहे. युद्ध लागलं की जुनेजाणते सांगतात, “आठवडाभर बाहेर पडू नका, लॉगिनच करू नका.” एका गोळीने माणूस घाबरत नव्हता, पण सोबत्यांपासून तुटला की तो परत येत नव्हता. त्या डिसेंबरात नियम बदलले. ज्यांचं स्वतःचं एकही स्थानक नाही अशा कंपन्यांवर युद्ध पुकारता येईनासं झालं.

मुकुट

शेजारचं एक उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्याने तुलना स्पष्ट होते. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ हा जपानी खेळ नवख्यांच्या बाबतीत सौम्य म्हणून नावाजलेला. नवख्याच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो, म्हणजे सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. २०१६ साली तिथे मेंटर ही पदवी आणि नवख्यांसाठी खास वाहिनी सुरू झाली. मेंटरच्या नावाशेजारी मुकुट. पदवी मिळवायला ठरावीक खेळी पूर्ण करायच्या आणि इतरांच्या शाबासक्या जमवायच्या. शिकवता येतं का, हे कुणी तपासत नाही. मेंटर म्हणून २,००० खेळी केल्या की एक दुर्मीळ वाहन बक्षीस. परिणाम असा झाला की मुकुट आणि वाहनासाठी कित्येक जण मेंटर झाले, वाहिनीत मेंटरच मेंटरांशी गप्पा मारू लागले, आणि नवख्याचा प्रश्न त्या गप्पांत वाहून जाऊ लागला. बर्गरच्या दुकानात मुलांना मिळणारा कागदी मुकुट, असं त्या चिन्हाला खेळाडूच हिणवू लागले. तिथे मनापासून शिकवणारे मेंटर आहेत, आणि त्यांनाही हे हिणवणं सोसावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. नवख्याला उत्तर मिळालं की नाही याच्याशी बक्षिसाचा संबंधच जोडला नाही, तर दुसरं काय होणार?

पुन्हा डब्यापाशी

२०१६ सालच्या नोव्हेंबरपासून ‘ईव्ह’ मर्यादित स्वरूपात फुकट खेळता येऊ लागला आणि नवख्यांची संख्या एकदम वाढली. डब्याचा जुना सापळा तोवर इतिहासजमा झाला होता, पण प्रश्न तेच, फक्त वस्तू बदललेल्या. “मी काहीच केलं नाही, पोलिसांनी मलाच का उडवलं?” हा त्यातला पेटंट.

या प्रश्नाला शाळेच्या किंवा होर्डसारख्या गटाच्या खिडकीत अनेकदा सर्वांत आधी उत्तर देतो तो माणूस जुना नसतो. तो दीड-दोन महिन्यांपूर्वी आलेला असतो. त्यालाही पोलिसांनी उडवलेलं असतं आणि ते कसं झालं हे त्याच्या बोटांना अजून आठवत असतं : स्क्रीनच्या तळाशी असलेलं सुरक्षेचं बटण, हिरव्याचं लाल झालेलं. जुना माणूस नियम सांगतो. हा बटण सांगतो. त्याचं उत्तर कधी कधी अर्धवट असतं, मग मागून एखादा जुना येतो आणि दुरुस्ती करतो, दोघांनाही उद्देशून. चांगल्या गटांत ही दुरुस्ती हळू आवाजात होते, कारण ज्याने नुकतंच पहिल्यांदा उत्तर द्यायचं धाडस केलंय त्याला चारचौघांत खोडून काढलं तर तो पुन्हा उत्तर देणार नाही, हे जुन्यांना ठाऊक असतं. काही ठिकाणी नसतं, आणि तिथे काही महिन्यांत उत्तर देणारे फक्त तेच तीन-चार जण उरतात, दमलेले आणि चिडलेले.

रेकयाविकच्या जुन्या बंदराजवळ २०१४ साली या खेळाचं एक स्मारक उभं राहिलं. त्याच्या पायावर खेळाडूंची नावं बारीक अक्षरांत कोरली आहेत. निकष एकच होता : त्या वर्षीच्या मार्चच्या सुमारास खातं चालू असणं. किती यानं फोडली, किती वर्षं खेळला, कोणत्या युद्धात होता, काहीही विचारलं नाही. महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा पैसे भरून आलेल्याचं नावही तिथे तेवढ्याच मापाच्या अक्षरात आहे.